चाळीस हजार व्होल्टवरची तार

बीड, अंबाजोगाई, परळी इथल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्रात पीएच. डी. करणाऱ्या मुलामुलींना विषय विचारला, तर ‘फेराइट’, म्हणजे लोहाचे चुंबकीय ऑक्साइड, हे उत्तर हमखास ऐकू येते. मराठवाड्यात हा विषय रुजला त्याला व्यवहारी कारण आहे. लोह, निकेल, कोबाल्ट किंवा जस्ताची नायट्रेटे, सायट्रिक आम्ल, थोडा अमोनिया, एक हॉटप्लेट आणि एक भट्टी एवढ्यावर काम सुरू होते. द्रावण आटत आटत चिकट जेल बनते, जेल सुकते आणि मग आपोआप पेट घेऊन काही क्षणांत त्याची भुसभुशीत तपकिरी राख होते. ती खलात घोटायची, भट्टीत काही तास भाजायची, की चुंबकाला चिकटणारी काळपट भुकटी तयार.

इथवरचे सगळे गावातच होते. पुढचे प्रश्न मात्र गावात सुटत नाहीत. झाले ते खरेच फेराइट आहे का? अणू आपापल्या जागी बसले का? कण किती बारीक झाले? याची उत्तरे एक्स-किरणांचे विवर्तन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘एक्सआरडी’, देते. चिमूटभर भुकटी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर पेनाने नमुन्याचा क्रमांक टाकून छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात, नाही तर पुण्याला, कोल्हापूरला, इंदूरला पाठवली जाते. तिकडून एक आलेख येतो. २० ते ८० अंशांच्या पट्टीवर उभी राहिलेली सात-आठ शिखरे. त्यातले ३५ अंशांच्या जरा पुढचे सर्वांत उंच शिखर दिसले, की मुलांचा जीव भांड्यात पडतो.

कधी आलेखाऐवजी नुसता निरोप येतो, ‘मशिन बंद आहे, ट्यूब गेलीय’. देशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत हे घडते आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ एका तारेत असते. टंगस्टनची, वेटोळे केलेली, सेंटिमीटरभर लांबीची तार. कित्येक लाखांच्या यंत्रातला हा सर्वांत स्वस्त भागांपैकी एक, आणि सर्वांत लाडावलेलाही.

एक्स-किरण तारेतून निघत नाहीत, हे आधी स्पष्ट केलेले बरे. तार तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोर तांब्याचा अ‍ॅनोड असतो. दोघांमध्ये साधारण चाळीस हजार व्होल्टचा फरक ठेवलेला असतो. त्या ओढीने इलेक्ट्रॉन तांब्यावर आदळतात आणि तिथून एक्स-किरण निघतात. तांब्याच्या या किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम, म्हणजे स्फटिकातल्या अणूंमधल्या अंतराच्या मापाचीच. म्हणून तर ते फेराइटच्या भुकटीतून ठरावीक कोनांत वळतात.

या व्यवहारात आदळणाऱ्या ऊर्जेचा एक टक्काही किरणांच्या रूपाने हाती येत नाही, बाकी सगळी उष्णता होते. चाळीस हजार व्होल्ट आणि चाळीस मिलिअँपिअर यांचा गुणाकार १,६०० वॅट. बादलीत पाणी तापवायच्या रॉडची उष्णता नखाहून लहान जागेवर ओतावी, तसा हा प्रकार. त्यामुळे अ‍ॅनोडच्या पाठीमागून पाणी खेळवावे लागते. आता पाणी वाहणारा भाग चाळीस हजार व्होल्टवर ठेवणे धोक्याचे. म्हणून अ‍ॅनोड जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, जोडतात आणि उणे चाळीस हजार व्होल्ट तारेला देतात. विवर्तनाच्या यंत्रात सर्वांत जास्त व्होल्टेज अंगावर घेऊन बसते ती ही तार.

विल्हेल्म राँटगेन यांना १८९५च्या नोव्हेंबरमध्ये व्युर्झबुर्गला एक्स-किरण सापडले, तेव्हा त्यांच्या नळीत तापणारी तार नव्हती. नळीत थोडा वायू शिल्लक ठेवलेला असे. त्याच्या अणूंची मोडतोड होऊन इलेक्ट्रॉन मिळत. वायू वापरात कमी-जास्त झाला, की किरणांचा जोरही बदले. एकाच नळीने सकाळी काढलेला फोटो दुपारी तसाच येईल याची खात्री कुणालाच देता येत नसे. ही अडचण अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी सोडवली. टंगस्टन हा ठिसूळ धातू. ठोकला की तुटायचा. कूलिज यांनी तो तार ओढता येईल इतका लवचीक करून दाखवला. त्यातून विजेचे दिवे सुधारले आणि १९१३ साली एक्स-किरणांची नवी नळी आली. आतली हवा जवळपास सगळी काढून टाकलेली आणि इलेक्ट्रॉन पुरवायला तापलेली टंगस्टनची तार. तार किती तापवायची यावर किरणांचे प्रमाण ठरायचे आणि व्होल्टेजवर त्यांची भेदकता. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या हातात आल्या. आजच्या नळ्या याच घराण्यातल्या आहेत.

तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन किती निघतील, याचे गणित ओवेन रिचर्डसन यांनी मांडले. त्यासाठी त्यांना १९२८चे नोबेल मिळाले. हे गणित तारेच्या आयुष्याचे कोडेही सोडवते. तार सुमारे २,१०० अंश सेल्सिअसवरून २,२००वर नेली, म्हणजे फक्त शंभर अंशांची वाढ केली, तर बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन अडीच पटींहून जास्त होतात. पण त्याच शंभर अंशांत टंगस्टनची वाफ होऊन उडून जाण्याचा वेग सुमारे पाच पट वाढतो. थोड्या जादा किरणांसाठी तार जास्त तापवणारा तिचे आयुष्य त्याहून कितीतरी वेगाने खर्च करत असतो.

वाफ होणे हे तारेचे नैसर्गिक मरण. वेटोळ्यात एखादी जागा जरा बारीक होते. तिथला रोध वाढतो, ती जागा शेजारच्या भागापेक्षा जास्त तापते, तिथून वाफ आणखी जोरात होते आणि शेवटी तार तिथेच तुटते. अनैसर्गिक मरण येते ते पाण्याच्या वाफेने. नळीत राहिलेल्या पाण्याचे रेणू तापलेल्या टंगस्टनला भिडले, की त्याचे ऑक्साइड होते आणि सुटा हायड्रोजन निघतो. ऑक्साइड उडून थंड भिंतीवर जाऊन बसते. मागोमाग हायड्रोजन तिथे पोहोचतो, ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो, आणि पाणी पुन्हा तयार. तेच पाणी परत तारेकडे. कणभर पाणी असे फेऱ्या मारत राहते आणि प्रत्येक फेरीत थोडे टंगस्टन भिंतीवर नेऊन ठेवते. जनरल इलेक्ट्रिकमध्येच आयर्विंग लँगम्यूर यांनी दिव्यांच्या संदर्भात हे चक्र उलगडले होते.

तार गेल्यावर पुढे काय, हे नळीच्या जातीवर ठरते.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे खेड्यापाड्यांतल्या रुग्णांसाठी ग्रामीण भागात उभारलेल्या पहिल्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक. अशा कुठल्याही रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढताना तंत्रज्ञ ‘श्वास रोखा’ म्हणतो आणि आधी एक घरघर ऐकू येते. बटण अर्धे दाबल्यावर नळीतला अ‍ॅनोड गरगर फिरू लागतो आणि मंद तापलेली तार पूर्ण तापते. बटण पूर्ण दाबले, की सेकंदाच्या लहानशा हिश्श्यात काम आटोपते. ही नळी कारखान्यात कायमची बंद केलेली असते. तिची काच फोडून तार बदलायची सोय नाही. तार गेली की नळी गेली. मग अख्खी नळी नवी बसवायची. रुग्णालयासाठी तेच शहाणपणाचे, कारण तिथे निर्वात पंप चालवायला ना जागा, ना माणूस, ना वेळ.

महाविद्यालयांच्या नमुन्यांचे आलेख काढणारी बरीचशी यंत्रेही अशाच बंद नळ्यांवर चालतात. तिथे नळी काही हजार तास टिकते आणि नवी घ्यायची तर खर्च लाखांच्या घरात जातो. दुसरी जात उघडणाऱ्या जनित्रांची. यात नळी म्हणजे धातूची पेटी. पंप ती सतत रिकामी करत असतो. तार गेली, तर पेटी उघडून नवी बसवता येते. तार स्वस्त पडते, पण ती बसवण्याचे कसब प्रयोगशाळेतच असावे लागते.

विज्ञानातली काही मोठी कामे याच जातीच्या यंत्रांवर झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉस्लिंग यांनी १९५२च्या मे महिन्यात डीएनएचे ते प्रसिद्ध ‘५१ क्रमांकाचे’ छायाचित्र घेतले. त्यासाठी वापरलेली बारीक झोताची नळी वेर्नर एरेनबर्ग आणि वॉल्टर स्पिअर यांनी रचली होती. त्या एका छायाचित्राला सुमारे ६२ तास लागले. मध्येच तार तुटली असती, तर सगळे पहिल्यापासून. केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ आणि जॉन केंड्रू प्रथिनांच्या मागे लागले होते. त्यांना जास्त तेज झोत हवा होता म्हणून टोनी ब्रॉड यांनी फिरत्या अ‍ॅनोडचे जनित्र बांधले. अ‍ॅनोड फिरता ठेवला की उष्णता एका जागी साठत नाही आणि तारेकडून कितीतरी जास्त प्रवाह घेता येतो.

बीडच्या वाचकाला जवळचे उदाहरण हैदराबादचे. १९४८पर्यंत बीड निजामाच्या संस्थानात होते. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या भागातल्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची मोठी जागा म्हणजे उस्मानिया विद्यापीठ. तिथे व्ही. टी. देशपांडे आणि डी. बी. सिरदेशमुख यांनी तापवल्यावर स्फटिक किती फुगतात, याची मोजमापे एक्स-किरणांनी केली. कथिलावरचा त्यांचा निबंध १९६१ साली ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. अशा कामात नमुना एका तापमानाला स्थिर ठेवायचा, मोजणी करायची, मग पुढच्या तापमानाला जायचे. अणूंमधल्या अंतरात पडणारा फरक दशांश चिन्हानंतर बऱ्याच पुढच्या घरात असतो. मोजणी लांबत जाते आणि तेवढा वेळ तारेने एकसारखे जळत राहावे लागते.

फिरत्या अ‍ॅनोडची यंत्रे भारतातही चालतात. इंदूरच्या यूजीसी-डीएई संशोधन संस्थेत असे जनित्र बसवलेले आहे आणि विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना तिथे मोजणीची सोय मिळते. या यंत्राची एक खुबी फेराइटवाल्यांनी मुद्दाम पाहावी. अ‍ॅनोडचा दांडा बाहेरच्या हवेतून आतल्या निर्वातात शिरतो आणि मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्या फटीतून हवा आत जाऊ नये म्हणून तिथे चुंबकाने जागच्या जागी धरलेला द्रव असतो. हा द्रव म्हणजे तेलात तरंगणारे मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण, आणि मॅग्नेटाइट हे फेराइटच.

आता प्रत्यक्ष बदल. सुरुवात थांबण्यापासून होते. उच्च व्होल्टेजचा पुरवठा बंद करून किल्ली काढून घेतात. पुरवठा बंद होताच एक्स-किरण थांबतात. पेटीत किरणोत्सारी असे काही मागे उरत नाही. धोका उरतो तो विजेचा. जाड केबल बंद केल्यावरही भार धरून ठेवते, म्हणून अर्थिंगची दांडी टेकवून तो जमिनीत सोडल्याशिवाय कुणी हात घालत नाही. तार पूर्ण निवू देतात, कारण गरम टंगस्टनला हवा लागली तर ते क्षणात जळते. पंपाची झडप बंद करून पेटीत हळूहळू कोरडा नायट्रोजन सोडतात. साधी हवा सोडली, तर तिच्यातली वाफ पेटीच्या भिंतींना चिकटून राहते, आणि नव्या तारेला पहिल्या दिवसापासून पाण्याचे चक्र लागते. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत हा मुद्दा आणखी जाणवतो.

कॅथोडची, म्हणजे तार आणि तिच्याभोवतीचा धातूचा कप यांची, जुळणी बाहेर काढली, की जुनी तार वाचायला मिळते. भिंगाखाली धरल्यावर तुटलेली टोके निमुळती आणि शेंड्याला वितळून गोल झालेली दिसली, भोवतालच्या कपावर काळसर आरशासारखा थर दिसला, तर तार वयाने गेली. तारेवर निळसर झाक किंवा आजूबाजूला पिवळी भुकटी दिसली, तर ते टंगस्टनचे ऑक्साइड. म्हणजे कुठून तरी हवा शिरते आहे. ती जागा शोधल्याशिवाय नवी तार बसवण्यात अर्थ नसतो, तीही तशीच जाणार.

कपावरचा थर बारीक अ‍ॅल्युमिना पावडरने घासून काढतात, मग अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोलने धुतात. यापुढे कशालाही उघडे बोट लावायचे नाही. बोटाचे तेल निर्वातात आठवडाभर वाफ सोडत बसते. नवी तार चिमट्याने, तिच्या पायांना धरून बसवतात. कारखान्यातून आलेली तार लवचीक असते. वेटोळे जरा तिरके असेल तर आत्ताच सरळ करता येते. एकदा तापली, की टंगस्टनच्या आतली रचना बदलून ती ठिसूळ होते आणि नंतरच्या एका धक्क्यानेही मोडते. स्क्रू घट्ट करण्यातही अक्कल लागते. सैल राहिला तर जोडावर उष्णता होते, जास्त पिळला तर वेटोळेही पिळले जाते. कपाच्या खाचेत तार किती खोल बसली, हे गेजने मोजतात. जास्त पुढे आली तर झोत पसरतो, मागे गेली तर प्रवाह कमी पडतो. कपाच्या कडेला कुठे चिकटत नाही ना, हे मल्टिमीटरने तपासतात. शेवटी रबरी ओ-रिंग पुसून तिच्यावर एखादा केस तर अडकलेला नाही ना, हे पाहतात. तेवढ्या केसानेही निर्वात धरत नाही.

मग पंप सुरू. पेटीतला दाब बाहेरच्या हवेच्या अब्जाव्या हिश्श्याखाली उतरेपर्यंत वाट पाहायची. त्यानंतर तारेला थोडासाच प्रवाह देतात. ती तापू लागली की तिच्यातून आणि कपातून अडकलेले वायू सुटतात, दाबमापकाचा आकडा वर चढतो. तो परत खाली आला की प्रवाह आणखी थोडा वाढवायचा. नंतर उच्च व्होल्टेजची पाळी. वीसेक हजार व्होल्टपासून सुरुवात करून एकेक पायरी चढायची. मध्ये ठिणगी उडाली तर एक पायरी उतरायची. घाई करणाऱ्याची तार पहिल्याच संध्याकाळी जाऊ शकते.

आता पाणी आणि वीज, ज्यांची किंमत बीड जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ आणि २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. एक्स-किरणांच्या जनित्राला पाणी अगदी थोडे लागते, पण ते मऊ लागते. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचे जड पाणी अ‍ॅनोडमागच्या अरुंद वाटांमधून नेले, तर तिथे क्षार साचतात, उष्णता बाहेर पडत नाही आणि तांब्याला खड्डे पडतात. म्हणून बंद फेऱ्यातला चिलर आणि त्यात शुद्ध केलेले पाणी. विजेचेही तसेच. पुरवठा अचानक गेला की पंप थांबतात, दाब चढतो, आणि तार तेव्हा तापलेली असेल तर तिच्यावर बेतते. मराठवाड्यात कुठेही असे यंत्र बसवायचे तर स्टॅबिलायझर आणि यूपीएसचा खर्च आधीच धरावा लागतो.

तारेची अवस्था आलेखातही उमटते, आणि विद्यार्थ्याने जागे राहायचे ते इथे. उडालेले टंगस्टन अ‍ॅनोडच्या तांब्यावरही बसते. मग तांब्याच्या किरणांत टंगस्टनचे स्वतःचे, १.४८ अँगस्ट्रॉमच्या आसपासचे किरण मिसळतात. गाळणीने ते पुरते अडवले नाहीत, तर फेराइटच्या ३५.५ अंशांच्या मुख्य शिखराची एक बारीक नक्कल ३४ अंशांजवळ उभी राहते. हेमॅटाइटचे, म्हणजे साध्या लोहऑक्साइडचे, मुख्य शिखर ३३.२ अंशांच्या आसपास असते. घाईत पाहणाऱ्याला वाटते, नमुन्यात भेसळ राहिली, भट्टीचे तापमान चुकले. मग तो सगळे काम पुन्हा करायला बसतो. दोष भुकटीचा नसून जुन्या नळीचा आहे, हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे तोच नमुना दुसऱ्या यंत्रावर लावून पाहणे.

तार बदलल्यावर यंत्राची परीक्षा सिलिकॉनच्या प्रमाणित भुकटीने घेतात. तिचे पहिले शिखर २८.४४ अंशांवर यायलाच हवे. जागा सरकली असेल तर झोताची दिशा पुन्हा जुळवतात, उंची कमी असेल तर कपातली तार पुन्हा तपासतात. जुळले की तारीख, निर्वाताचा आकडा, तारेचा प्रवाह आणि नळीचा प्रवाह लॉगबुकात लिहितात आणि साठलेले नमुने लावायला घेतात. ही नोंद पुढे रोज होते. तार बारीक होत जाते तसा नळीचा तोच ३० मिलिअँपिअर प्रवाह मिळवायला तारेला कमी कमी प्रवाह पुरतो. महिन्यांच्या नोंदींत तो आकडा उतरताना दिसू लागला, की अनुभवी तंत्रज्ञ नवी तार मागवून ठेवतो आणि लांबलचक मोजणीला हात घालण्याआधी ती बदलून घेतो.